जुडी एक, नावं अनेक

(आमच्या परिसरातल्या सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. बोलणं जसं झालं तसंच छापलं आहे.)

मैत्रिणींनो, जेवणं झाली असतील, थोडी उसंत मिळाली असेल. ज्यांची भांडी राहिली असतील त्यांनी घासता घासता ऐका. रेडिओचं हेच बरं आहे, कान दिला तरी हात मोकळे राहतात.

आज मी तुम्हाला पाककृती सांगणार नाही. आज बोलायचंय ते आपल्या स्वयंपाकातल्या वासाच्या पाल्यांच्या आणि दाण्यांच्या नावांबद्दल. कोथिंबीर, कढीपत्ता, शेपू, ओवा, काळं जिरं. तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं, रोज हाताखालून जातात. मलाही तसंच वाटायचं. पण ह्या नावांपायी माझ्या घरात एक बाई वीस वर्षं गप्प बसली, आणि ह्याच नावापायी गेल्या पावसाळ्यात माझ्या लेकीच्या जिवाशी खेळ होता होता राहिला. म्हणून आज हा विषय घेतला.

माझी धाकटी जाऊ वर्ध्याकडची. आम्ही साताऱ्याकडचे. ती लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला आमटी करायला सांगितली. फोडणी झाली, आमटी उकळली, आणि ही दारात येऊन मला विचारते, "जाऊबाई, सांबार नाही काय जी घरात?"

सासूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, सांबार हाटेलात मिळतं, इडलीसंगं! आमटीत सांबार कशाला घालतीस?" आणि सगळं घर हसलं. शेजारणी हसल्या, दीर हसले. मीही हसले. ती बिचारी ताटावर बोट दाखवून म्हणाली, "हे नव्हे का, हिरवं, वरून टाकतेत ते." तेव्हा कळलं की तिला कोथिंबीर हवी होती.

विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, अमरावती, चंद्रपूर ह्या पट्ट्यात, कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नागपूरची सांबारवडी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात सांबार भरपूर आणि कोवळा मिळतो, तेव्हा घरोघरी करतात. त्यात इडलीचं सांबार नसतं, कोथिंबीर असते. आणि आपली कोथिंबीर वडी वेगळी. आपण पीठ मळून, उकडून, कापून तळतो. त्यांच्यात वरचं आवरण लाटून आत कोथिंबिरीचं सारण भरतात आणि तळतात, संगं कढी असते. मी खाल्ली आहे, म्हणून सांगते. पण ती खायला मला बारा वर्षं लागली, कारण त्या दिवसानंतर जावेनं तिच्या माहेरचा एकही पदार्थ त्या नावानं आमच्या घरात केला नाही. गल्लीत तिचं नाव पडलं 'सांबारवाली'. ती फार बोलेनाशी झाली. आम्ही म्हणायचो, स्वभावानंच अबोल आहे. अबोल नव्हती हो. तिला आम्ही अबोल केलं होतं.

आता हे असं का होतं, ते बघू. आपण सगळे मराठी बोलतो, मग भाजीला नावं वेगळी का? त्याचं एक कारण असं, की आजचा महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. त्याआधी विदर्भ १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात, म्हणजे हिंदी मुलुखासोबत होता. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. आपण मुंबई इलाख्यात. त्यातून कोकणाला समुद्र, खानदेशाला गुजरात, सोलापूर-सांगलीला कर्नाटक शेजारी. लेकी दिल्या-घेतल्या गेल्या, बाजार भरले, व्यापारी आले-गेले, आणि प्रत्येक भागाच्या जिभेवर वेगळा शब्द बसला. ह्यात कुणाचं चूक आणि कुणाचं बरोबर असं नसतं. आपली कोथिंबीरच बघा. कानडीत कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर, गुजरातीत कोथमीर, आणि संस्कृतात कुस्तुंबरी. म्हणजे आपला शब्द दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी जुळतो. हिंदीवाला मात्र हरा धनिया म्हणतो. तो बियाच्या नावावरून पाल्याला हाक मारतो. पाला तोच, जुडी तीच.

दुसरं नाव घेऊ, कढीपत्त्याचं. कुणी कढीपत्ता म्हणतं, कुणी कढीलिंब, विदर्भात गोडलिंब किंवा गोडनिंब. हिंदीत मीठा नीम. गंमत बघा, कानडीत त्याला करिबेवु म्हणतात आणि बेवु म्हणजे कडुलिंब. तेलुगूत करिवेपाकु, त्यातही कडुलिंबच आहे. तमिळमध्ये करुवेप्पिलै, तिथंही तेच. म्हणजे एवढ्या भाषांतल्या बायकांना एकच गोष्ट दिसली, की ह्याची पानं कडुलिंबासारखी दिसतात, पण खाता येतात. म्हणून हे गोड, ते कडू. झाडाच्या जातीनं बघितलं तर दोघांचं नातं जवळचं नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे. म्हणून तर पान चुरडलं की तसा दरवळ येतो.

पण ह्या 'लिंब' शब्दानं घोटाळा होतो. आपल्याकडं नुसतं 'लिंबाचा पाला आण' म्हटलं तर पोरगं कडुलिंबाचा आणील, आणि विदर्भातली सूनबाई गोडलिंब म्हणाली तर सासूला कळायचं नाही. अशा वेळी खूण सांगावी. कडुलिंबाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात आणि फळ म्हणजे पिवळी निंबोळी. कढीपत्त्याच्या कडा करवतीसारख्या नसतात, पान चुरडलं की वास येतो, आणि फळ पिकलं की जांभळट काळं होतं. नाव विसरलं तरी खूण विसरत नाही.

आता शेपू. शेपूचं बी म्हणजे बाळंतशोप. बाळंतिणीला ओवा-बाळंतशोप द्यायची आपल्याकडं जुनी रीत आहे. आणि जेवणानंतर आपण खातो ती बडीशेप. नाव सारखं वाटतं, पण झाडं दोन. बडीशेप लांबट, हिरवट, गोड. बाळंतशोप चपटी, तपकिरी, कडेला फिकट पापुद्रा असलेली, चवीला उग्र. बडीशेपेला हिंदीत सौंफ म्हणतात. आणि शेपूला? शेपूला हिंदीत सोया म्हणतात. तुमच्यातल्या कुणी मुंबई-पुण्यात उत्तरेकडच्या घरी कामाला असतील, त्यांना बाई म्हणाल्या की सोया आण, तर सोयाबीन घेऊन जाऊ नका. त्यांना शेपूची जुडी हवी आहे. गुजराती बाई सुवा म्हणेल, तोही शेपूच.

ओव्याचंही तसंच. हिंदीत अजवायन, गुजरातीत अजमो. आणि आपल्याकडं अजमोदा म्हणून वेगळंच बी मिळतं. गुजराती मालकिणीनं अजमो मागितला आणि दुकानदारानं अजमोदा बांधून दिला, तर फोडणीला ओव्याचा वास यायचाच नाही. सोलापूरकडच्या मैत्रिणींना तेलुगू शेजार आहे, विणकरांची घरं आहेत, तिथं ओव्याला वामु म्हणतात. कानडीत ओम. ओवा, ओम, वामु, बहिणीबहिणीच वाटतात.

आणि कुंडीत आपण लावतो तो पानओवा, ज्याची जाड लवदार पानं आपण बेसनात बुडवून भजी करतो, तो खऱ्या ओव्याचा पाला नव्हे बरं का. खऱ्या ओव्याची पानं शेपूसारखी बारीक चिरलेली असतात. पानओवा तुळशीच्या कुळातला आहे. वास ओव्यासारखा, म्हणून नाव ओव्याचं. भजी करायला काही हरकत नाही. पण त्या झाडाला ओव्याचे दाणे लागतील म्हणून वाट बघत बसू नका. माझ्या चुलत सासूबाई तीन वर्षं बघत होत्या.

गवती चहालाही कुठं पातीचा चहा, कुठं हिरवा चहा म्हणतात. दुकानात ग्रीन टी म्हणून जो डबा मिळतो तो वेगळा, ती चहाच्याच झाडाची पानं. आपला हिरवा चहा म्हणजे लांब पात्याचं गवत. आणि एक पुदिना तेवढा शहाणा. मराठीत पुदिना, हिंदीत पुदिना, कानडी, तेलुगू, तमिळमध्येही पुदिनाच. सगळीकडं एका नावानं फिरतो. त्याच्यामुळं कुणा सुनेला कधी खाली मान घालावी लागली नसेल.

आता महत्त्वाचं ऐका. इथवर जे सांगितलं त्यात चूक झाली तर फार तर आमटी बिघडेल. पण काही नावं अशी आहेत की तिथं चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

पहिलं, काळं जिरं. हिंदी पाककृतीत काला जीरा लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा त्यांना शहाजिरं म्हणायचं असतं, जे आपण पुलावात घालतो. बारीक, किंचित वाकडं, गडद रंगाचं, सुवासिक. पण काही जण कलौंजीलाही काला जीरा म्हणतात. आणि आपल्या काष्टौषधीच्या दुकानात काळं जिरं मागितलं की कडू जिरं देतात, ज्याला काळी जिरी असंही म्हणतात. ते जिऱ्याच्या कुळातलंच नाही. प्रचंड कडू. जुन्या बायका जंतांवर देत असत. एक चमचा भातात पडलं तर भात जनावरंही खाणार नाहीत. ते औषध आहे, मसाला नव्हे. गरोदर बाईनं किंवा लहान लेकरानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरं, कांद्याचं बी. इथंच माझी गोष्ट येते.

गेल्या पावसाळ्यात आम्हाला खरिपाच्या कांद्याचं रोप टाकायचं होतं. बी आणून, त्याला बुरशीचं औषध चोळून, मी पत्र्याच्या डब्यात माळ्यावर ठेवलं होतं. माझी लेक सुट्टीला आलेली. मोबाईलवर लोणच्याची कृती बघत होती. त्यात लिहिलेलं, कांद्याचं बी एक चमचा. तिनं आतून विचारलं, "आई, कांद्याचं बी कुठंय गं?" मी शिवणयंत्रावर ब्लाऊज घेऊन बसलेली. माझ्या डोक्यात वाफा. मी म्हटलं, "माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात."

मैत्रिणींनो, कलौंजीला आपल्याकडं कित्येक जण कांद्याचं बी म्हणतात. पुस्तकातही तसं छापतात. पण कलौंजी कांद्याला येत नाही, तिचं झाड निराळं. फक्त दाणे दिसायला सारखे, काळे आणि कोनदार. अगदी ओळखू येत नाहीत. लेकीनं डबा काढला, चमचा भरला, तव्यावर भाजायला टाकणार, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ ताक न्यायला आली. तिनं चमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय हाय ते? कशाले पायजे तुले?"

"लोणच्यात टाकायला, काकू. कांद्याचं बी."

"कोन्तं कांद्याचं बी?"

बस, एवढंच विचारलं तिनं. कोणतं? मग डबा उजेडाकडं नेऊन बघितला. दाण्यांना पावडर लागलेली. तिनं चमचा हातातून काढून घेतला, लेकीचे हात दोनदा साबणानं धुतले, आणि मग मला हाक मारली. मी आत आले तर माझे पायच गळाले. त्या लोणच्याची वाटी आधी माझ्या पोरीच्या ताटात गेली असती, आणि मग घरातल्या सगळ्यांच्या.

संध्याकाळी मी जावेला विचारलं, "तुला कसं सुचलं गं विचारायचं? मला का नाही सुचलं?"

ती म्हणाली, "मले सवय लागली जी. ह्या घरात आल्यापासून मी नावावर भरोसाच ठेवत नाही. आधी वस्तू पाहते, मंग नाव घेते."

मला काही बोलता येईना. जिला नावावरून हसलो, तिलाच नाव विचारायची सवय लागली होती, आणि त्या सवयीनं माझं घर वाचवलं. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी सांबारावरून मी हसले, ते माझं चुकलं." ती हसून म्हणाली, "वीस वर्सं लागले जी तुमाले." आणि ताक घेऊन गेली. बरोबरच आहे तिचं. मी आणखी काय ऐकायची अपेक्षा करत होते कोण जाणे.

तेव्हापासून आमच्या घरात तीन नियम आहेत. ते तुम्हीही पाळा.

एक, पेरणीचं बियाणं स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, स्वयंपाकाच्या डब्यात तर नाहीच. कांद्याचं असो, धन्याचं असो की मेथीचं. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. कधी त्याला गुलाबी, हिरवा, निळा रंग असतो, कधी रंग दिसतही नाही. रंग नाही म्हणून खायला चालेल असं समजू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात 'पेरणीचं, खायचं नाही' असं लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तांबड्या रंगाची फुली मारा. लेकरांना त्या फुलीचा अर्थ सांगून ठेवा.

दोन, बी आणायला सांगताना नुसतं नाव सांगायचं नाही. नाव, कशासाठी हवं, आणि खूण, असं तिन्ही सांगायचं. 'शहाजिरं आण, पुलावासाठी, बारीक आणि वासाचं' असं म्हणायचं.

तीन, कुणी नवं नाव घेतलं तर हसायचं नाही. 'दाखव बरं' म्हणायचं. दाखवल्यावर दोन्ही नावं आपली होतात.

खुणा ओळखायलाही शिकून घ्या, सोप्या आहेत. कोथिंबीर, शेपू, ओवा, जिरं, बडीशेप, गाजर हे सगळं एकाच कुळातलं. फुलोरा उघड्या छत्रीसारखा येतो. म्हणून त्यांचे दाणेही एकमेकांसारखे वाटतात आणि घोटाळा होतो. तुळस, पुदिना, सब्जा दुसऱ्या कुळातले. त्यांचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतो. आणि एक गोष्ट विसरू नका. गाजर गवत, म्हणजे ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्याचं कोवळं रोप गाजराच्या किंवा कोथिंबिरीच्या पाल्यासारखं दिसतं. हे गवत आपल्या देशात १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा आढळलं आणि आता बांधाबांधावर आहे. त्यानं अंगाला खाज सुटते, कुणाला दमा उठतो. जुडी निवडताना प्रत्येक काडी वास घेऊन बघा. कोथिंबीर वासानं आपलं नाव स्वतः सांगते. जी काडी सांगत नाही, ती टाकून द्या.

आता गटांसाठी एक काम. आमच्या गटात आम्ही मसाला आणि चटण्या करून विकतो. पूर्वी पाकिटावर एकच नाव असायचं. आता घटकांच्या यादीत आम्ही दोन्ही नावं लिहितो. कोथिंबीर, मग स्वल्पविराम, सांबार. कढीपत्ता, गोडलिंब. जावेनं सांगितल्यावरून केलं. नागपूरकडं लग्न होऊन गेलेल्या आमच्या गावच्या पोरी माहेराहून पाकिटं घेऊन जातात, त्यांच्या सासूबाईंना वाचता क्षणी कळतं की आत काय आहे.

आणि आम्ही एक वही केली आहे. साधी शंभर पानी वही. चार रकाने आखले. पहिल्यात आपल्या गावचं नाव, दुसऱ्यात माहेरचं नाव, तिसऱ्यात खूण, चौथ्यात जपायचं काय. दर महिन्याच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की, एक पाला किंवा एक दाणा मधे ठेवायचा. प्रत्येकीनं तिच्या माहेरचं नाव सांगायचं. जिला लिहिता येतं ती लिहिते. आमच्या गटात सोळा जणी आहेत. पहिल्याच बैठकीत कळलं की आमची माहेरं सात जिल्ह्यांत आहेत. इतकी वर्षं एकत्र बसतो, कधी विचारलंच नव्हतं.

त्या पहिल्या बैठकीत मधे कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. सगळ्यांनी नावं सांगितली. जावेची पाळी आली तेव्हा ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आमच्याकडं सांबार." कुणी हसलं नाही. आमच्या म्हाताऱ्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ल्ही गं, ल्ही. सांबार ल्ही. आमच्या सुनेच्या माहेरचं नाव हाय ते." वहीच्या दुसऱ्या रकान्यात पहिला शब्द तोच आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक जुडी आणि एक वही घेऊन जा. तुमच्या गटातल्या, तुमच्या घरातल्या, बाहेरगावाहून आलेल्या बाईला विचारा, 'तुमच्याकडं ह्याला काय म्हणतात?' आणि ती सांगेपर्यंत थांबा. माळ्यावरचा बियाण्याचा डबा मात्र पुढच्या बैठकीपर्यंत थांबवू नका. तो आजच, हा कार्यक्रम संपला की खाली काढा आणि त्यावर तांबडी फुली मारा.